किडनीची डॉक्टर व्हायचंय, पण नेमकी कुठली?

पत्र बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातून आलं आहे. लिहिणारी मुलगी बारावी विज्ञानला आहे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागतं. ती विचारते, 'मला किडनीची डॉक्टर व्हायचंय. मामा म्हणतात, सर्जन हो, ऑपरेशन करतो तोच खरा डॉक्टर. क्लासचे सर म्हणतात, नीटमध्ये कमी पडलीस तर रिपीट कर. घरी चार एकर कोरडवाहू. काय करू?' नाव छापू नये, ही तिची विनंती.

आधी मामांचं म्हणणं बघू, कारण ही गल्लत घरोघरी असते. मुतखडा काढणारे, प्रोस्टेटचं ऑपरेशन करणारे, प्रत्यारोपणात नवी किडनी जोडणारे ते युरॉलॉजिस्ट. ते सर्जन असतात. आईचं डायलिसिस ज्यांच्या देखरेखीखाली चालतं ते नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे औषधोपचार करणारे फिजिशियन. दोघांचे रस्ते एमबीबीएसनंतर वेगळे होतात. पहिल्यासाठी एमएस सर्जरी आणि त्यावर एमसीएच ही पदवी, दुसऱ्यासाठी एमडी मेडिसिन आणि त्यावर डीएम.

सर्जन मोठा आणि फिजिशियन धाकटा, असं मात्र मुळीच नाही. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. रक्तमांस तेच, म्हणून शरीराने ती किडनी परकी मानली नाही. जुळं भावंड नसलेल्या माणसाला नुसत्या ऑपरेशनचा उपयोग नव्हता. शरीराचा विरोध दाबणारी औषधं आली तेव्हा इतरांसाठी वाट मोकळी झाली. ती औषधं बसवणं, त्यांची पातळी तपासणं, जंतुसंसर्ग होऊ न देणं हे काम नवी किडनी चालते तितकी वर्षं नेफ्रॉलॉजिस्टच करतो.

आणि त्याच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग तू अजून पाहिलेला नाहीस. तू पाहिलंस ते शेवटचं टोक. चांगला नेफ्रॉलॉजिस्ट डायलिसिसची वेळ पुढे ढकलण्यासाठी वर्षानुवर्षं झटतो. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं. ओपीडीत तो तेच आकडे पुन्हा पुन्हा बघतो, गोळीची मात्रा बदलतो, मीठ किती खाता ते खोदून विचारतो, अंगदुखीच्या गोळ्या बंद करायला लावतो. गरज पडली तर किडनीचा सुईएवढा तुकडा काढून तपासतो, अतिदक्षता विभागात रात्री अपरात्री डायलिसिस सुरू करतो. पण बराचसा वेळ जातो तो बोलण्यात, समजावण्यात. तोच रुग्ण दहा वर्षं भेटत राहणं तुला आवडेल का, हे स्वतःला विचार. ते आवडणार असेल तर हा विषय तुझा.

वेळेचा हिशेब स्पष्ट सांगते. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. एकूण साडेअकरा, आणि मधल्या प्रवेशपरीक्षांची, बंधपत्राची (सक्तीच्या सरकारी सेवेची) वर्षं वेगळी. म्हणजे तू तिशी गाठशील. आईवर उपचार करायला तू वेळेत पोचशील, या आशेवर हा निर्णय घेऊ नकोस. तिची काळजी आज तिचे डॉक्टर घेत आहेत. तिच्यासाठी प्रत्यारोपण शक्य आहे का, हे त्यांना आताच विचारा.

नेफ्रॉलॉजी घ्यायची की नाही हे आज ठरवायचंच नाही, तो प्रश्न आठ-नऊ वर्षांनी येईल. आजचा प्रश्न एमबीबीएसचा. सरकारी कॉलेजच्या जवळपास गुण असतील तर एकदा रिपीट जरूर कर. दुसऱ्यांदा नको. आणि खाजगी कॉलेजच्या फीसाठी चार एकर गहाण टाकायला माझा ठाम विरोध आहे.

दुसरी वाट डायलिसिस टेक्नॉलॉजीच्या पदवीची आहे. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी रक्ताच्या शेजारून, पातळ पडद्यापलीकडून वाहतं. त्या पाण्याची शुद्धता, फिस्टुलात (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत) सुई नीट टोचणं, मध्येच रक्तदाब कोसळला तर सेकंदांत हालचाल करणं, हे सगळं टेक्नॉलॉजिस्टच्या हातात असतं. तालुक्याच्या ठिकाणीही आता केंद्रं निघत आहेत, तिथे शिकलेले हात हवेत. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त विद्यापीठाचा आहे आणि कॉलेजला चालू डायलिसिस विभाग जोडलेला आहे, एवढं प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघ. इथून पुढे डॉक्टर व्हायचं झालं तर मात्र पुन्हा नीटच द्यावी लागेल.

पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस की बाबांचे पाय संध्याकाळी सुजतात आणि बीपी 'थोडं' आहे. मला याचीच जास्त काळजी वाटली. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेला, किडनीच्या तक्रारी तिथे वर्षानुवर्षं आहेत. बाबांचं सीरम क्रिएटिनिन (किडनीने गाळायचा, रक्तातला टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत उतरणारं प्रथिन) ही तपासणी या आठवड्यात करा. ग्रामीण रुग्णालयात विचारा, महागडी नाही. किडनीचा आजार बहुधा दुखत नाही, आणि क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत निम्मी क्षमता गेलेली असू शकते. अल्ब्युमिन वाढलेलं असेल, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) ३० च्या खाली असेल किंवा भराभर उतरत असेल, लघवीत रक्त असेल, किंवा तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर थेट नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. ईजीएफआर ६० च्या खाली आला आणि तीन महिन्यांनीही तसाच राहिला, तरी डॉक्टरांना सोडू नका. नुसता मुतखडा निघाला तर युरॉलॉजिस्ट. आईच्या आजाराचं कारण घराण्यात चालणारं, किडनीत पाण्याच्या गाठी होणारं आहे का, तेही तिच्या डॉक्टरांना विचार. तसं असेल तर तुझी आणि भावाचीही सोनोग्राफी करावी लागेल.

अकोल्याला जाशील तेव्हा केंद्रातल्या टेक्नॉलॉजिस्टना विचारून एक पूर्ण पाळी त्यांच्या बाजूला उभी राहा. नीटचा निकाल आणि बाबांचे रिपोर्ट, दोन्ही मला कळव. कॉलेजांची यादी आपण मिळून करू.