‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका : बालखेळाडूंच्या पालकांचे प्रश्न

खेळ वेगवेगळे असले, तरी पालकांच्या प्रश्नांतला घोळ एकच असतो. सराव ठरतो तो मुलाचा वयोगट आणि स्पर्धेची तारीख बघून. हाडं वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, हे कुणी बघत नाही. म्हणून काही प्रश्न पुन्हा घेत आहे.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे. फुटबॉल चांगला खेळतो. बाकीचे खेळ बंद करून वर्षभर, आठवड्याला सहा दिवस पाठवा, असं कोच म्हणतात.

गरज नाही. साधं माप असं की मूल जितक्या वर्षांचं, आठवड्याला संघटित सरावाचे तास त्याहून जास्त नकोत. तुमच्या मुलाला सामने धरून नऊ तास. आठवड्यात एक दिवस, जमल्यास दोन, पूर्ण सुट्टी. वर्षात एकूण दोन ते तीन महिने फुटबॉलपासून लांब. सलग नको असतील, तर एकेक महिना करून. त्या काळात त्याला घरात बसवू नका. पोहू दे, पकडापकडी खेळू दे. रोज तीच हालचाल झाली की ताण रोज त्याच हाडावर पडतो आणि झीज भरून यायला वेळ उरत नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात सुरुवात लवकर करावी लागते हे खरं, पण मग क्रीडावैद्यकाची देखरेखही पहिल्यापासून लागते. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं सांगून वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध राहा.

प्रश्न : वजनं उचलल्याने उंची खुंटते का? मुलगी ११ वर्षांची आहे.

नाही. ही ऐकीव गोष्ट आहे. सूचना समजून पाळता येत असतील, तर सातव्या-आठव्या वर्षापासून सुरुवात करता येते. आधी स्वतःच्या वजनावर बैठका आणि पुश-अप, मग हलकी वजनं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून. ८ ते १२ आवर्तनांचे एक किंवा दोन सेट. शरीराची ठेवण न बिघडता सगळी आवर्तनं जमली, तरच वजन ५ ते १० टक्क्यांनी वाढवायचं. जास्तीत जास्त किती उचलता येतं, याची चढाओढ नको. शिकवणारा समोर उभा हवा. हृदयविकार, फिट्स किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. सहा महिन्यांत एकदम उंच झाला. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं आहे, दुखतं. कोच म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, जाईल. तीन आठवड्यांनी निवड चाचणी आहे. गोळी देऊन खेळवावं का?

नाही. आधी तपासून घ्या, याच आठवड्यात.

खरं वाढीचं दुखणं वेगळं असतं. ते साधारण ३ ते १२ या वयात होतं, संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांच्या पोटऱ्यांत-मांड्यांत, सांध्यात नाही. सकाळी मूल उठून पळायला लागतं, लंगडत नाही. एकाच बाजूचं, बोटाने जागा दाखवता येणारं आणि खेळताना वाढणारं दुखणं त्यात मोडत नाही.

लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ हाडाचा थर, असतो. तिथे नवं हाड तयार होतं, त्यामुळे ती जागा शेजारच्या हाडापेक्षा आणि अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. मुली साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलगे तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात. मुलगा त्या वर्षात ९ ते १० सेंमी उंच होतो. हाड लांबतं, स्नायू त्यामानाने आखूड पडतो आणि जिथे चिकटलेला असतो तिथली कूर्चा ओढत राहतो. ही ओढ नडगीच्या वरच्या टोकाला बसली की वाटीखाली टेंगूळ येतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेला बसली तर टाच दुखते. तुमच्या वर्णनावरून टेंगूळ बहुधा याच प्रकारचं आहे, पण ते हाताने तपासूनच नक्की करता येतं. असेल, तर उड्या, धावणं आणि गोलंदाजी कमी करायची. दुखण्याला दहापैकी गुण दिले, तर ते तीनच्या आत राहील आणि दुसऱ्या सकाळी उरणार नाही, एवढाच खेळ. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. बरं व्हायला काही महिने लागतात. गोळीने वेदना झाकली जाते, ओढ तशीच राहते.

याहून मोठी भीती दुसऱ्या दोन दुखण्यांची आहे, कारण त्यांनाही ‘वाढीचं दुखणं’ म्हणून आठवडे घालवले जातात.

पहिलं वेगवान गोलंदाजांचं. मागे वाकताना कंबर एका बाजूला दुखते. मणक्याच्या मागच्या भागात ताणाने बारीक अस्थिभंग झालेला असू शकतो. साध्या एक्स-रेत तो सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर सापडला, तर काही महिने गोलंदाजी थांबवून हाड जुळू शकतं. उशीर झाला, की ती शक्यता घटते.

दुसरं खुब्याचं. मूल म्हणतं गुडघा दुखतो, गुडघ्यात मात्र काहीच सापडत नाही. ते लंगडतं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेपाशी घसरलेला असू शकतो. अशा मुलाला पायावर भार देऊ देऊ नका, त्याच दिवशी खुब्याचे एक्स-रे काढा. इथे उशीर केला, तर गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो आणि सांधा कायमचा बिघडतो.

दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकवून उंची मोजा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांत २ सेंमी किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, की कोचना वही दाखवून उड्या आणि गोलंदाजी कमी करायला सांगा. दुखायला लागायची वाट बघू नका. निवड चाचणी पुढच्या वर्षीही होईल.

प्रश्न : सरावात डोकं आपटलं, पण पाच मिनिटांत बरं वाटलं. त्याच दिवशी खेळू द्यावं का?

नाही, डॉक्टरांनी तपासल्यावर टप्प्याटप्प्याने, आणि वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गोंधळ किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालयात.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू. चार महिने पाळी नाही. सराव जोरात असल्याचं हे चांगलं लक्षण आहे, असं ऐकलं.

हे धोक्याचं लक्षण आहे. सरावात खर्च होते तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळत नसेल, तर शरीर पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडांची घनता ज्या वयात भरायची, त्याच वयात ती कमी पडते. पुढे ताणाचे अस्थिभंग होतात. सलग तीन पाळ्या चुकल्या, किंवा पंधरावं वर्ष पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. थायरॉइडसारखी इतर कारणंही ते तपासतील. परस्पर गोळ्या देऊन पाळी आणू नका. रक्तस्राव येईल, कमतरता तशीच राहील.

प्रश्न : अकादमीतच प्रोटीन पावडर विकतात. घ्यावी का?

नको. पोटभर, चौरस जेवणातून प्रथिनं मिळतात. अशा डब्यांत लेबलवर नसलेले प्रतिबंधित पदार्थ सापडलेले आहेत आणि डोपिंग चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. जे शिकवतात त्यांनीच डबे विकावेत, हे मुळात गैर आहे. एनर्जी ड्रिंकही नको.

प्रश्न : जनुक चाचणीवरून मुलासाठी योग्य खेळ कळतो का?

कळत नाही. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्रित निवेदन काढून मुलांमधली गुणवत्ता हेरायला या चाचण्या वापरू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, जन्म डिसेंबरचा. संघात सगळ्यांत लहान, कायम राखीव. खेळ बदलावा का?

एवढ्यात नको. गट जन्मवर्षावर असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि तो लवकर वयात आला असेल तर फरक आणखी वाढतो. आज दिसतो तो बराचसा ताकदीतला फरक आहे. कोचना भेटून विचारा : कौशल्यात कमी पडतो का, की फक्त अंगाने? फक्त अंगाने असेल, तर सरावात कधी कधी त्याच्याएवढ्या शरीराच्या मुलांबरोबर खेळवता येईल का? सामन्यात पुरेसा वेळ देणारा संघ मिळत असेल, तर संघ बदला. १४ पूर्ण होईपर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हं दिसली नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना उंचीच्या नोंदींची वही सोबत न्या.