ट्रंकेतले कागद : स्कॅनर नंतर आणा, आधी आत्यांना बसवा

तुम्ही लिहिलंय की वडील मार्चमध्ये गेले, गावच्या घरी तीन ट्रंका आणि एक कपाट भरून कागद आहेत, ते सगळे स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरवर लावायचे आहेत. स्कॅनर कुठला घ्यावा, फोल्डर कसे करावेत, असा तुमचा प्रश्न. शेवटी सहज लिहून गेलात की आत्या 84 वर्षांच्या आहेत आणि जुनं सगळं त्यांना पाठ आहे. माझ्या मते तुमच्या कामात सगळ्यात मोलाचं तेच वाक्य आहे.

मी हे काम 2019 च्या पुरानंतर केलं. सांगलीत त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45. आमच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे चार दिवस पाण्यात होते. टाईप केलेले कागद वाळल्यावर वाचता आले. शाईच्या पेनाने लिहिलेलं धुऊन गेलं आणि जांभळे शिक्के कागदभर पसरले. त्या धसक्याने मी आठ दिवसांत चारशेच्या वर कागद स्कॅन केले. स्कॅनरने दिलेली आकड्यांची नावं तशीच राहू दिली. पुढच्या उन्हाळ्यात एक फेरफार (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा उतारा) हवा होता, तो त्या ढिगातून काढायला मला अख्खी दुपार लागली. सगळं पुन्हा केलं, ते मात्र सासूबाईंना शेजारी बसवून.

त्यात काय घडलं ते सांगते. 1961 चं एक खरेदीखत होतं, सर्व्हे नंबर 88/2 चं. आमच्या सातबारावर तो नंबर कुठेच नाही, म्हणून विकून टाकलेली जमीन असेल असं समजून मी ते ‘इतर’मध्ये टाकलं होतं. सासूबाईंनी चष्मा लावला, चतु:सीमा वाचल्या, पूर्वेला ओढा, दक्षिणेला पाणंद. म्हणाल्या, “अगं, हा तर आपला विहिरीचा मळा. गटवारीत नंबर बदलला.” 1947 च्या कायद्याखाली गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुनं खत एका नंबराचं, आजचा सातबारा दुसऱ्याच. ही जोड तलाठी कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून लागते, पण तो काढायला जावं हे तरी आधी कळायला हवं ना! कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगणार नाही.

म्हणून पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लावूच नका. सतरंजी पसरा, आत्यांना खुर्चीत बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक कागद त्यांना दाखवत वहीत लिहीत जा. ही वही म्हणजे आपली सूची, हीच पुढे एक्सेलमध्ये चढवायची. माझे रकाने असे आहेत : तारीख, कागद कसला, कोणाच्या नावाचा, जुना नंबर, नवा नंबर, मूळ कागद कुठे ठेवलाय, शेरा. शेरा ऐसपैस ठेवा. ‘हे कर्ज फेडलंय, बोजा कमी केल्याचा फेरफार निळ्या फाईलीत’ असली वाक्यं तिथे येतात आणि वेळेला तीच उपयोगी पडतात.

बायकांच्या कागदांकडे विशेष लक्ष द्या. सासूबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, पेन्शनच्या कागदावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सूचीत लिहून ठेवलं नाही तर नातवंडांना कोडं पडेल.

वाचता वाचताच आधी बाजूला काढायचे ते काम अडलेले कागद. वडिलांच्या नावावर शेती असेल तर वारसाहक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. राहून गेलं असेल तर आता लगेच अर्ज करा. कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली तर त्यांना हात घालायला उशीर करू नका. लाभांश सलग 7 वर्षं घेतलेला नसेल तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, आणि तिथून परत मिळतात पण खेटे पडतात. बँकेत 10 वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे.

आता स्कॅनर. साधा, काचेचा, फ्लॅटबेड घ्या. कागद आपोआप ओढून घेणारा जुन्या कागदांसाठी नको, घडीवर विरलेलं खत त्यात फाटतं. टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतात, त्या ओढू नका, पातळ सुरीच्या पात्याने सावकाश उचला. रिझोल्यूशन 300 डीपीआय पुरतं. शिक्के आणि अंगठे असलेलं सगळं रंगीत करा, कारण काळ्या-पांढऱ्यात शिक्का आणि सही एकमेकांत मिसळतात.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. घरगुती स्कॅनरची काच ए-फोर मापाची, म्हणजे साधारण 297 मिलिमीटर लांब. जुना स्टँप पेपर त्याहून लांब असतो. सरळ ठेवला की खालची पट्टी कापली जाते, आणि सह्या, साक्षीदार, अंगठे नेमके तिथेच असतात! दोन भागांत स्कॅन करा, किंवा खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोनने वरून सरळ फोटो घ्या. आणि पाठ विसरू नका. स्टँप कोणी, कधी, कोणाला विकला त्याची नोंद मागच्या बाजूला असते.

स्कॅन करायचं सॉफ्टवेअर म्हणून मी एनएपीएस-टू (NAPS2) वापरते. फुकट आहे, अनेक पानांची एक पीडीएफ करतं, आणि त्यात मराठी भाषा उतरवून घेतली की छापील मजकूर शोधता येण्याजोगा होतो. तलाठ्याच्या हाताचं मात्र त्याला वाचता येत नाही, मोडी तर नाहीच. मोडी कागद निघाले तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि ते त्याच पीडीएफला मागे जोडा.

फाईलचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष आधी : 1961-05-18 खरेदीखत गट 214 विहिरीचा मळा. मग ओळ आपोआप लागते. आकडे एकाच लिपीतले ठेवा, नाहीतर एकात शोधलेलं दुसऱ्यात सापडत नाही. तेच शब्दांचं. कुठे खरेदीखत, कुठे खरेदी खत, कुठे खरेदीपत्र असं झालं की शोध फसतो. मी पंचवीसेक शब्दांची यादी करून मॉनिटरशेजारी चिकटवली होती. फोल्डर थोडेच करा. जमीन, घर, पैसे, माणसं, आजारपण एवढ्यांत आमचं भागलं. बाकी सूची बघते.

मूळ कागद टाकू नका. दस्त, शेअर सर्टिफिकेट, विमा पॉलिसी कोरड्या जागी, जमिनीपासून वर. मृत्युपत्र सापडलं तर त्याच्या स्कॅनवर विसंबू नका, माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागूच नाही, तिथे सहीचा कागदच लागतो. लॅमिनेशन तर कशाचंच करू नका. औषधाच्या दुकानाच्या गुळगुळीत पावत्या मात्र आजच स्कॅन करा, त्यांचं अक्षर आपोआप उडतं आणि इस्त्रीसारखी उष्णता लागली तर सगळी पावती काळी पडते.

आणि हो, डिजिलॉकरमध्ये (कागद ठेवायच्या सरकारी ॲपमध्ये) आपण चढवलेला स्कॅन आणि सरकारी खात्याने तिथे दिलेला दाखला यांत फरक आहे. कायद्याने मूळ कागदासारखा धरतात तो दुसरा. सातबाराचंही तसंच. कुठे द्यायचा असेल तर जुन्याची प्रत न देता डिजिटल सहीचा नवा काढा, 15 रुपये पडतात.

सगळ्याच्या दोन प्रती दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची पुण्याला लेकीकडे असते, दिवाळीला येते, ताजी होऊन जाते. आधार-पॅन असलेला भाग पासवर्डखाली ठेवा आणि तो पासवर्ड घरात आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या.

एका बैठकीत पन्नासच्या वर कागद घेऊ नका, आत्या दमतील. येत्या रविवारी जमिनीची ट्रंक उघडा. सूचीचा कोरा तक्ता हवा असेल तर इथेच सांगा, मी माझा देते.