कडकन वाजलं, पण मोजे घालता आले का?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंबरदुखीचे तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. एमआरआयचा रिपोर्ट, त्या कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे माझ्यासारख्या मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याच्या, क्लिनिकने हातात ठेवलेला ३६ भेटींचा तक्ता आणि आईचा मेसेज, "सतरंजी टाकून जमिनीवर पंधरा दिवस पडून राहा." खाली तुझा प्रश्न, काका, ऐकू कुणाचं? पूर्ण असं कुणाचंच नको. आणि या एका बाबतीत आईचं तर मुळीच नको. पडून राहायचा सल्ला एके काळी डॉक्टरही देत, आणि त्यानेच दुखणी लांबली. फार झालं तर दोन दिवस आडवा पड. तिसऱ्या दिवशी घरातल्या घरात का होईना, चालायला लाग.

आता तो रिपोर्ट. 'एल-४ एल-५ ला डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला फुगवटा, हे वाचून तू रात्रभर जागा होतास म्हणे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांची डिस्क झिजलेली होती आणि ३० टक्क्यांच्या डिस्कला फुगवटा होता. ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्क्यांवर जाते. केस पिकले म्हणून डोकं दुखतं असं आपण म्हणत नाही, तसंच हे. शिवाय डिस्कचा बाहेर आलेला तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच जिरवतं, आणि तुकडा मोठा, सुटा असेल तर जिरण्याची शक्यता उलट जास्त असते. रिपोर्ट फाईलला लाव आणि रोज उघडून बघू नकोस.

"मणका सरकलाय, आम्ही बसवून देतो" हे वाक्य त्या क्लिनिकने तुला ऐकवलं. त्याचं मूळ १८९५ मधलं आहे. १८ सप्टेंबरला आयोवातल्या डेव्हनपोर्टमध्ये डॅनियल डेव्हिड पामरने हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी ही कथा. त्यातून जागचा हललेला मणका म्हणजे सगळ्या रोगांचं मूळ, असा सिद्धांत उभा राहिला. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांवर देखरेख करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्ये स्वतःच सांगून टाकलं, की ही कल्पना इतिहासाचा भाग आहे आणि तिच्यामुळे आजार होतात असा दावा करण्याजोगा पुरावा नाही. तरी आमच्यातले कितीतरी जण अजून 'बसवला' म्हणतात. मीही म्हणत आलो, वर्षानुवर्षं. समजवायला सोपं पडायचं. त्याची आज लाज वाटते, कारण मणका सरकतो असं ज्याच्या डोक्यात बसलं तो पुढे वाकायलाच घाबरतो, आणि वाकायला घाबरणारी पाठ आखडतच जाते.

मग टेबलावर होतं तरी काय? तुला कुशीवर झोपवतात, खालचा पाय सरळ, वरचा गुडघा दुमडून पाऊल खालच्या गुडघ्यामागे अडकवतात, हात छातीवर. सांध्यातली ढील संपेपर्यंत कंबर हळूच पिळतात आणि मग सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात एक छोटा झटका देतात. मणक्यामागचे छोटे सांधे किंचित फाकतात, आतल्या द्रवावरचा दाब एकदम घटतो, त्यात वायूची पोकळी तयार होते आणि 'कडक' वाजतं. तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. आवाज आला म्हणून बरं वाटतं आणि नाही आला म्हणून उपचार वाया गेला, यात काही तथ्य नाही. हाडावर हाड बसल्याचा तो आवाज नव्हेच. मोबाईलवर बघतोस ते व्हिडिओ बरेचदा माईक पाठीला चिकटवून केलेले असतात, हेही लक्षात घे.

झटक्याने आवळलेले स्नायू सैल पडतात, वेदना थोडी मागे हटते आणि काही तास, फार तर एखाद-दोन दिवस हालचाल सोपी होते. एवढंच. पण हे 'एवढंच' कमी नाही, म्हणून तर मी हा धंदा सोडला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी आधी औषधाविना करायच्या गोष्टी सुचवल्या. त्यात शेक, मालीश आणि ॲक्युपंक्चरच्या बरोबरीने मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हा झटकाही आहे. त्याच वर्षी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सहा आठवड्यांपर्यंतचा सरासरी फायदा वेदनेच्या १०० गुणांपैकी सुमारे १० गुण. नव्वदचं दुखणं शून्यावर येत नाही बाबा, ऐंशीवर येतं. बाकीचं काम त्या सैल तासांत तुला करायचं असतं, आणि ते झालं की नाही हे कळायला एकच मार्ग आहे. मोज.

तू मला सांगतोस, "काल दहापैकी सात दुखत होतं, आज सहा वाटतंय." या सातात आणि सहात काय कळलं? ऑफिसात बॉस ओरडला तर सहाचे आठ होतात. दुखतंय किती ते सोड, जमतंय किती ते लिही. वही घे आणि चार आकडे मांड. सलग किती मिनिटं बसता येतं. किती मिनिटं चालता येतं. उभं राहून गुडघे न वाकवता पुढे वाकलास की बोटांची टोकं जमिनीपासून किती सेंटिमीटर राहतात, टेप धरून. आणि सकाळी डाव्या पायात मोजा घालायला किती सेकंद लागतात. मोज्याचा आकडा क्षुल्लक वाटेल, पण माझा सगळ्यात भरवशाचा तोच. कंबर, खुबा आणि धीर, तिन्ही त्यात येतात.

पाचवी नोंद दुखण्याच्या जागेची. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आणि कुल्ल्यातून कमरेत वर सरकत असेल तर ते चांगलं, मग कमरेत आधीपेक्षा जास्त का दुखेना. उलट कंबर मोकळी वाटते पण पावलापर्यंत मुंग्या पोचल्या, तर जे काय चालू आहे ते थांबव.

पहिल्या भेटीआधी मोज, भेटीनंतर दुसऱ्या दिवशी मोज. त्याच संध्याकाळी नको. उपचारानंतर जवळजवळ निम्म्या लोकांना अंग ठणकल्यासारखं वाटतं आणि ते एक-दोन दिवसांत जातं. तीन दिवस टिकलं तर जोर जास्त झाला, तसं तोंडावर सांग.

आणि सहा भेटी. दोन-तीन आठवड्यांत सहा. सहा म्हणजे सहा. सहाव्या भेटीनंतर वहीतले आकडे हलले नसतील तर सातवीला जायचं नाही, तो माणूस कितीही गोड बोलला तरी. हलले असतील तर अंतर वाढवत अजून चार-सहा भेटी, आणि रामराम. लोक म्हणतात काकांकडे पेशंट टिकत नाहीत. टिकू नयेत म्हणूनच मी बसलोय! टिकलेला पेशंट ही आमच्या धंद्यात कौतुकाची गोष्ट झाली आहे, पण बऱ्या झालेल्या माणसाने माझ्या टेबलावर कशाला यावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. बरं, न्यायाने बोलायचं तर स्वीडनमधला २०१८ चा एक अभ्यास माझ्या विरुद्ध जातो. ज्यांचं दुखणं वारंवार उसळतं आणि ज्यांना पहिल्या उपचाराने खरोखर फरक पडला, अशा लोकांना ठरावीक अंतराने बोलावलं, तर वर्षात त्रासाचे सुमारे तेरा दिवस कमी झाले. पण त्यांनाही वर्षभरात जेमतेम दोनच भेटी जास्त लागल्या. ३६ नव्हे. शिवाय फरक पडतो का हे आधी पाहिलं होतं. तुझ्या तक्त्यावर पाहण्याआधीच सही मागितली आहे.

सही करायच्या आधी लेखी माग: मध्येच सोडलं तर उरलेल्या भेटींचे पैसे कसे परत मिळणार. तुझा विमा वर्षाला किती भेटी भरतो ते विमा कंपनीला फोन करून विचार, क्लिनिकच्या काउंटरवर नाही. इथला, अमेरिकेतला, म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मेडिकेअरसुद्धा आमच्या धंद्यातल्या फक्त मणक्यावर हाताने केलेल्या उपचाराचे पैसे देतो आणि नुसत्या 'देखभाली'च्या भेटींचे देत नाही.

माणूस बरा की नाही हे पहिल्या वीस मिनिटांत कळतं. त्याने तुला टाचांवर चालवलं पाहिजे, एका पायावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला लावली पाहिजे, पायाचा अंगठा वर धरायला सांगून त्यावर दाब दिला पाहिजे. गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारली पाहिजे, आणि पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलून कितव्या अंशाला कळ येते ते बघितलं पाहिजे. यातलं काही न करता थेट एक्स-रे काढून भिंतीवर लावला आणि आदर्श पाठीच्या चित्राशेजारी तुझी पाठ दाखवली, तर चपला घाल आणि नीघ.

तुझी कळ पायात उतरते, म्हणून पिळण्याच्या प्रकाराआधी खाली झुकणाऱ्या टेबलाचा उपचार माग. पालथं झोपवतात, एक तळवा कमरेच्या मणक्यावर ठेवतात आणि टेबलाचा पायाकडचा भाग हळूच खाली नेतात. चार सेकंदांचा एक हेलकावा, असे पाच, म्हणजे वीस सेकंद, आणि मध्ये थांबून तीनदा. पिळायचं ठरलंच तर झटक्याआधीच्या स्थितीत दहा सेकंद नुसतं धरायला सांग. त्यात पायात कळ गेली तर "थांबा" म्हण. भीड नको. आणि कंबर दुखते म्हणून मान मोडू द्यायची नाही. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं क्वचित का होईना, आहेत. कमरेसाठी तो धोका पत्करायचं कारणच नाही.

टेबलावरून उतरलास की गाडीत बसू नकोस. आधी दहा मिनिटं चाल, पार्किंगमध्येच चकरा मार. इथेच सगळे चुकतात. सैल झालेली पाठ घेऊन चाळीस मिनिटं ड्रायव्हिंग करतात आणि घरी पोचेपर्यंत जैसे थे. घरी दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं, दुखरा भाग पंधरा मिनिटं शेकणं, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी. आठवड्याने ताकदीचे तीन व्यायाम. एक गुडघा दुमडून, कमरेखाली हात ठेवून डोकं-खांदे फक्त बोटभर उचलणं. कुशीवर कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरणं. आणि रांगण्याच्या स्थितीत एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धर. सहा वेळा, मग चार, मग दोन. सेकंद वाढवत बसू नकोस, किती वेळा करतोस ते वाढव.

उठल्यावर पहिला तासभर खाली वाकायचं नाही. रात्रीत डिस्क पाणी पिऊन फुगलेली असते आणि त्या वेळी वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. म्हणून तुझ्या आवडत्या सकाळच्या सूर्यनमस्कारांना सध्या संध्याकाळ दे. आणि जानेवारीत पहाटे उठून पाच मिनिटांत बर्फ उपसायला गेलास, हे दुखणं तिथलंच. आधी घरात चाल, फावडं अर्धं भर, आणि बर्फ टाकताना कंबर वळवू नकोस, पाऊल वळव.

वाकायचं कसं ते केरसुणीच्या दांड्यावर शीक. दांडा पाठीला उभा धर, तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्यामागे, पाठीच्या मध्यावर, माकडहाडावर. मग ढुंगण मागे नेत खाली जा. एक जरी जागा सुटली तर तिथवरच. दुधाची गॅलनची बाटली, म्हणजे चार किलोला थोडी कमी, अशी उचलता आली की मग इंडियन ग्रोसरीतली वीस पौंडांची तांदळाची पिशवी.

काही गोष्टींत मात्र मोजत बसायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटले, तर त्याच तासाला इमर्जन्सी रूम. पाऊल खाली पडायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप, वजन घटणं, रात्री न थांबणारं दुखणं असेल तर टेबल नाही, आधी तपासण्या, आणि तू भारतातून आला आहेस म्हणून मणक्याच्या क्षयाचा विषय तूच काढ, इथल्या डॉक्टरांना तो चटकन आठवत नाही. अजून एक, तुझ्या वयात हमखास निसटणारं: पहाटे तीन-चारला पाठदुखीने जाग येते, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त अंग आखडलेलं असतं आणि हालचालीने बरं वाटतं, विश्रांतीने वाढतं, असं तीन महिने चाललं तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. तिथे माझ्यासारख्याचा काही उपयोग नाही.

मार्चमधल्या मुंबईच्या विमानाचं विचारलंयस. तोवर सलग चाळीस मिनिटं बसता आलं तर जा. कडेची सीट घे, चाळीस मिनिटांचा गजर लाव, उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन ये. कमरेमागे गुंडाळलेला स्वेटर ठेव. तेवीस किलोच्या त्या दोन बॅगा पट्ट्यावरून तू ओढायच्या नाहीत. घ्यायला येणारे दहा जण बाहेर उभे असतात, पण पट्ट्यापाशी कुणी नसतं, म्हणून आधीच हमाल सांगून ठेव.

तुझा,
काका