ऑस्टिनचं कॅपिटॉल : आई-बाबांना घेऊन जाताना

तुम्ही विचारलंय की डॅलसहून एका दिवसासाठी ऑस्टिनला येताना टेक्सासचं कॅपिटॉल, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाची इमारत, बाहेरून बघून पुढे निघावं की आतही जावं, पास लागतो का, आणि बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का.

आत जाच. पास लागत नाही, आधी नाव नोंदवावं लागत नाही, तिकीट नाही. दारात बॅग तपासतात आणि मेटल डिटेक्टरमधून जायचं, बस. मंत्रालयाबाहेर पाससाठी ताटकळलेल्या आपल्या आईवडिलांना हे पटायला थोडा वेळ लागतो. अर्ध्या-पाऊण तासाची गाइडेड टूर असते, तीही फुकट. शनिवार-रविवारीही उघडं असतं. व्हीलचेअर घेणार असाल तर उत्तरेचं दार सोयीचं. आत लिफ्ट आहेत.

पण बाबा हळूहळू का होईना चालू शकत असतील, तर दक्षिणेच्या फाटकातूनच शिरा, जिथे काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू संपतो तिथून. दोन्ही बाजूंना झाडं, मधून रुंद फरसबंद वाट आणि समोर तो गुलाबी डोलारा. घाई करू नका. वाट संपली की भिंतीपाशी थांबून दगडाला हात लावायला सांगा. मला विचाराल तर या इमारतीची खरी गोष्ट त्या दगडात आहे.

आधीचं कॅपिटॉल १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये जळालं. नवं बांधायला राज्याकडे रोकडा नव्हता, जमीन मात्र अफाट होती. म्हणून उत्तरेकडच्या पॅनहँडल भागातली ३० लाख एकर जमीन शिकागोच्या कंत्राटदारांना मोबदला म्हणून देऊन टाकली. तिथेच पुढे ‘एक्सआयटी रँच’ नावाचं गुरांचं प्रसिद्ध, अवाढव्य कुरण उभं राहिलं. दगड आधी ऑस्टिनजवळचा चुनखडीचा वापरायचा ठरलं होतं. त्यातल्या लोहामुळे हवेत त्यावर डाग पडू लागले, म्हणून तो आतल्या भिंतींना गेला आणि बाहेरून मार्बल फॉल्सजवळच्या ग्रॅनाइट माउंटनचा गुलाबी ग्रॅनाइट आला. खाणीच्या मालकांनी दगड फुकट दिला. तो फोडला मात्र तुरुंगातल्या कैद्यांनी. कैद्यांना जुंपल्यामुळे पाथरवटांच्या युनियनने कामावर बहिष्कार घातला, तेव्हा कंत्राटदाराने थेट स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून ६२ पाथरवट आणले, आणि परदेशी मजुरांविषयीच्या नव्या कायद्याखाली त्यावर खटलाही झाला. चुनखडीच्या खाणी होत्या त्या ओक हिल भागात आजही ‘कॉन्व्हिक्ट हिल रोड’ नावाचा रस्ता आहे. १८८८ साली इमारत खुली झाली. घुमटाची उंची वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही जास्त आहे, हे टेक्सासची माणसं तुम्हाला सांगतीलच. त्या कैद्यांचं तुम्ही सांगा.

आत घुमटाखाली आलात की जमिनीवरच्या मधल्या चांदणीवर उभं राहून बोलून बघा, स्वतःचाच आवाज वरून परत येतो. आईंना आधी उभं करा! वर घुमटाच्या पोटात जी तळहाताएवढी चांदणी दिसते ती प्रत्यक्षात आठ फूट रुंद आहे. भोवतीच्या भिंतींवर गव्हर्नरांची आणि टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हाच्या अध्यक्षांची चित्रं आहेत. नव्या गव्हर्नरचं चित्र लागलं की बाकीची सगळी एकेक जागा पुढे सरकतात. आणि दारांच्या बिजागऱ्या चुकवू नका. एकेक भरभक्कम पितळी बिजागरी, तिच्यावर नक्षी आणि ‘टेक्सास कॅपिटॉल’ ही अक्षरं कोरलेली. लोक त्याच दारांतून भराभर निघून जातात, खाली बघत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर दोन्ही सभागृहांच्या प्रेक्षक गॅलऱ्या आहेत. नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी असतं, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारपासून जास्तीत जास्त १४० दिवस. आई-बाबा अशा वर्षी मार्च-एप्रिलमध्ये इथे असतील तर वार बघून त्याच दिवसांत या. राजकारणावर रोज चहाबरोबर बोलणाऱ्या माणसाला गॅलरीत बसून कामकाज ऐकायला मिळणं ही मोठी मेजवानी आहे. बाबांना इंग्रजी सगळं कळलं नाही तरी कोण कोणाला अडवतंय ते बरोबर कळतं.

उत्तरेला जमिनीखाली जोडलेला भाग १९९३ चा. १९८३ च्या आगीनंतर डागडुजी आणि विस्ताराचं जे मोठं काम निघालं, त्यातला हा. तिथला वरून उघडा गोल चौक तेवढा बघा, बाकी ऑफिसंच आहेत.

आवार २२ एकरांचं आहे, सगळं फिरायची गरज नाही. पण दक्षिणेच्या हिरवळीवरची दोन स्मारकं एकापाठोपाठ बघा. १९०३ चं कॉन्फेडरेट सैनिकांचं, आणि २०१६ चं आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या बाजूने लढलेल्यांचा सन्मान आधी झाला आणि गुलामगिरी भोगलेल्यांचा शंभराहून जास्त वर्षांनी, हे तिथे उभं राहिल्यावर नुसतं वाचण्यापेक्षा जास्त बोचतं. आग्नेय कोपऱ्यातली १८५७ ची जुनी लँड ऑफिसची इमारत आता व्हिजिटर्स सेंटर आहे. कथाकार ओ. हेन्री लेखक होण्याआधी तिथे नकाशे काढायची नोकरी करत होते. एसी आहे, बसायला जागा आहे, तेव्हा गुडघ्यांना विश्रांती तिथेच द्या.

गाडी सॅन हासिंटो आणि ट्रिनिटी रस्त्यांमधल्या व्हिजिटर्स पार्किंग गॅरेजमध्ये लावा, आवार तिथून जवळ आहे. जून ते सप्टेंबरमध्ये येत असाल तर आवार सकाळी आणि इमारत दुपारी, असाच क्रम ठेवा. ऑस्टिनचं दुपारचं ऊन वयस्कर माणसांना सोसत नाही. मार्च ते ऑक्टोबरमध्ये संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूने सरळ नदीवरच्या पुलापाशी जा. अंधार पडायच्या सुमारास पुलाखालून लाखो वटवाघळं बाहेर पडतात. अंतर मैलभर आहे, तेवढं मात्र गाडीने जा.