खांब उभे आहेत तोवर जमीन निश्चिंत नाही

प्रश्न : आमचे गाव वणी तालुक्यात आहे. गावाखालच्या भूमिगत कोळसा खाणीचे काम थांबून वीस-बावीस वर्षे झाली. यंदा ऐन पावसाळ्यात घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला आणि परसातून शेजारच्या धुऱ्यापर्यंत लांब भेग पडली. काळ्या मातीत भेगा पडायच्याच, असे सगळे म्हणतात. बंद खाणीवरची जमीन इतक्या वर्षांनी खचू शकते का?
– एक वाचक

उत्तर : खचू शकते. काळ्या मातीच्या भेगा उन्हाळ्यात पडतात, जाळीसारख्या सर्व बाजूंना पसरतात आणि दोन-चार चांगल्या पावसांत मिटतात. आपली भेग पावसात पडली आहे आणि एकाच दिशेने गेली आहे. तिची एक कड दुसरीपेक्षा खाली बसली असेल आणि साचलेले पाणी तिच्यात नाहीसे होत असेल, तर दोष मातीला देता येणार नाही.

आपल्याकडील बहुतेक जुन्या खाणींत बोगदे खोदताना छत तोलण्यासाठी कोळशाचेच चौकोनी खांब मागे ठेवले जात. पुढे हे खांबही काढून घेतले, म्हणजे खाणीतल्या भाषेत डिपिलरिंग झाले, की छत कोसळते आणि वरची जमीन परातीसारखी बसते. मात्र हे बसणे बहुतांशी पहिल्या काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत उरकते. खांब तसेच सोडून खाण बंद केली असेल, तर मात्र पोकळी कायम राहते, पंप थांबल्यावर बोगद्यांत पाणी भरते, छतातले मऊ थर भिजून सुटू लागतात आणि खांबांच्या कडा झिजतात. ज्या खाणीत ‘काही झालेच नाही’ असे गाव सांगते, तिथेच ही शक्यता अधिक काळ शिल्लक असते.

ही पोकळी जमिनीपर्यंत पोहोचते की नाही, हे खोलीवर ठरते. फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो. बोगदा 3 मीटर उंच असेल आणि पडलेला ढिगारा तीस टक्क्यांनी फुगत असेल, तर साधारण 10 मीटर छत पडल्यावर पोकळी आपोआप गच्च होते (बोगद्यांच्या चौकात ती याहून वर चढते). डोक्यावर तेवढा खडकच नसेल, तर वरची सैल माती पाण्याबरोबर खाली ओघळते आणि एके दिवशी विहिरीसारखा खड्डा उघडतो. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या खाणीवरचे एक राहते घर असेच जमिनीत गेले. ते 60 ते 70 फूट खाली गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. घरातील माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. काही बातम्यांत याला ‘भूस्खलन’ म्हटले गेले. भूस्खलन डोंगरउतारावर होते, हे जमिनीचे खचणे होते.

घर खाणीच्या नेमके वर नाही, एवढ्यावरही विसंबू नये, कारण खचण्याचा परिणाम खोदकामाच्या कडेबाहेरही जाणवतो. ब्रिटनमधील कोळसा खाणींत त्यासाठी खोदकामाच्या कडेवरच्या उभ्या रेषेपासून बाहेर 35 अंशांचा आडाखा धरत, म्हणजे 100 मीटर खोलीवरच्या कामाचा परिणाम सुमारे 70 मीटर पलीकडे पोहोचतो. आपल्याकडील खडकात हा कोन बहुधा कमी भरतो. परक्या मालकीच्या इमारतींखाली किंवा त्यांच्यापासून 45 मीटरांच्या आत परवानगीशिवाय खोदकाम करू नये, असा कोळसा खाणींचा नियम आहे. म्हणून आपल्या घराखाली काम झाले होते का, खांब ठेवले की काढले, आणि पोकळीत वाळू भरली होती का, हे तीन प्रश्न खाण कंपनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावेत आणि बंद खाणीचा नकाशा मागावा. तो खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करणे बंधनकारक असते. फार जुने नकाशे तंतोतंत नसतात, त्यामुळे शंका उरल्यास भोके पाडून तपासणी करण्याचा आग्रह धरावा.

तोवर भिंतीतल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर तडा अजून हलतो आहे. परसातली भेग चिकणमातीने ठोकून बुजवावी, म्हणजे तिच्यातून पाणी व कोळशाला पेटवणारी हवा आत जाणार नाही. बुजवलेली जागा पुन्हा खाली बसली किंवा दारे अचानक अडकू लागली, तर त्या खोलीत झोपू नये आणि त्याच दिवशी तहसील कार्यालयाला कळवावे.