रिटनहाउस खटला रोज पाहणाऱ्यांना निकालाचे आश्चर्य का वाटले नाही?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील काइल रिटनहाउसचा खटला रोजच्या रोज थेट पाहणाऱ्यांना निकाल अपेक्षित वाटला आणि केवळ बातम्या वाचणाऱ्यांना मात्र धक्का बसला, हे असे का झाले. आणि असा खटला पाहायचाच असेल तर तो कसा पाहावा. मी फौजदारी बाजूची वकिली करतो आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये हा खटला ज्युरीच्या निवडीपासून निकालापर्यंत पाहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथे सकाळी नऊला काम सुरू झाले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असत, आणि ७ नोव्हेंबरला तिकडची घड्याळे मागे गेल्यावर साडेआठ. त्यात पहिला आठवडा दिवाळीचा होता आणि आपली न्यायालये सुट्टीवर होती, त्यामुळे सलग पाहणे जमले.

घटना थोडक्यात अशी. २३ ऑगस्ट २०२० रोजी केनोशा येथे एका पोलीस अधिकाऱ्याने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर पाठीमागून गोळ्या झाडल्या आणि शहरात निदर्शने व जाळपोळ सुरू झाली. २५ ऑगस्टच्या रात्री शेजारच्या इलिनॉय राज्यातील अँटिऑक येथे राहणारा सतरा वर्षांचा रिटनहाउस एआर-१५ धर्तीची रायफल घेऊन एका मोटारविक्रीच्या आवाराची राखण करायला रस्त्यावर उतरला. त्या रात्री त्याच्या गोळ्यांनी जोसेफ रोझेनबॉम आणि अँथनी ह्यूबर हे दोघे ठार झाले आणि गेज ग्रॉसक्रॉइट्झ हा तिसरा जखमी झाला. गोळ्या लागलेले तिघेही गौरवर्णीय होते, हे माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षित माणसांना खटला संपल्यावरसुद्धा माहीत नव्हते. गोळ्या त्यानेच झाडल्या याविषयी कधीच वाद नव्हता; त्या स्वसंरक्षणार्थ होत्या का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता.

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पुराव्याच्या भारात दडलेले आहे. विस्कॉन्सिनच्या कायद्यात आरोपीच्या बाजूने स्वसंरक्षणाचा थोडासा पुरावा आला की, आरोपीने स्वसंरक्षणार्थ कृती केली नाही हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर येते. आपल्याकडे मांडणी वेगळी आहे. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे, म्हणजे आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे, स्वसंरक्षणासारख्या अपवादाचा फायदा मागणाऱ्या आरोपीलाच तो अपवाद दाखवावा लागतो. मात्र त्याने तो शक्यतेच्या पातळीवर दाखवला तरी पुरे असते. मुंबईत गाजलेल्या नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये या भाराची जी चर्चा केली, ती आजही आमच्या युक्तिवादात येते. हा फरक लक्षात न घेता केनोशाकडे पाहणारा माणूस साहजिकच असे धरून चालतो की मुलाने आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे आहे. रोज खटला पाहणाऱ्याला मात्र दिसत होते की सरकारी पक्षाला प्रत्येक गोळीबाबत, त्या त्या क्षणापुरते, स्वसंरक्षणाची शक्यता पूर्णपणे मोडून काढायची आहे. आणि त्यांचेच साक्षीदार ती शक्यता बळकट करत आहेत.

४ नोव्हेंबरचा, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा, दिवस मला या दृष्टीने निर्णायक वाटला. रिची मॅकगिनिस हा व्हिडिओ पत्रकार पहिल्या गोळीबाराच्या वेळी रोझेनबॉमच्या मागे होता. त्याचा जीव धोक्यात घातल्याचा स्वतंत्र आरोपही रिटनहाउसवर होता, म्हणजे तो सरकारी पक्षाचा अत्यंत महत्त्वाचा साक्षीदार. रोझेनबॉम बंदुकीच्या दिशेने झेपावल्याचे त्याने सांगितले, तेव्हा सरकारी वकील थॉमस बिंगर यांनी रोझेनबॉमच्या मनात काय होते हे तुम्हाला कळणे शक्य नाही, हा तुमचा निव्वळ अंदाज आहे, असे त्याच्याकडून वदवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यावर तो शांतपणे म्हणाला की रोझेनबॉमने शिवी दिली आणि बंदुकीकडे हात नेला. आपल्याच साक्षीदाराला असा प्रश्न विचारू नये हे वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात, आणि तरीही खटल्याच्या दबावाखाली तो विचारला जातो. त्याच दिवशी रायन बाल्च या माजी सैनिकाने, रोझेनबॉमने आपल्याला व रिटनहाउसला एकटे सापडल्यास ठार मारण्याची धमकी दिल्याचे सांगितले. तोही सरकारी पक्षाचाच साक्षीदार होता.

वैद्यकीय पुराव्याचेही तसेच झाले. रोझेनबॉमला एका सेकंदापेक्षा कमी वेळात चार गोळ्या लागल्या आणि त्यातली प्राणघातक गोळी पाठीत लागली, एवढे वाक्य बातमीत वाचले की पळणाऱ्या माणसाला मागून मारल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु शवविच्छेदन करणारे डॉ. डग केली यांची साक्ष पूर्ण ऐकली तर कळते की पुढे झेपावणाऱ्या किंवा पुढे कोसळणाऱ्या शरीराला गोळी तशीच लागू शकते, आणि हाताची जखम अशी होती की तो हात नळीच्या टोकाच्या अगदी जवळ, कदाचित नळीवरच, असावा. सरतपासणीत, म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या पक्षाच्या प्रश्नांत, एक चित्र आणि उलटतपासणीत, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या प्रश्नांत, दुसरे, असे नेहमीच होते. पण बातमीदाराला संध्याकाळच्या आत एकच वाक्य निवडावे लागते.

८ नोव्हेंबरला ग्रॉसक्रॉइट्झ साक्षीला उभा राहिला. त्याच्या हातात पिस्तूल होते, ही गोष्ट त्याने पोलिसांना दिलेल्या सुरुवातीच्या जबाबात आली नव्हती. आमच्या भाषेत याला जबाबातील वगळ म्हणतात आणि उलटतपासणीत तिचा पुरेपूर उपयोग होतो. बचाव पक्षाचे कोरी चिराफिसी यांनी आवाज न चढवता, एकेक स्थिरचित्र पडद्यावर दाखवत, त्याला पायरीपायरीने पुढे नेले: हात वर होते तेव्हा गोळी झाडली नाही, बरोबर ना? आणि शेवटी, तू पिस्तूल त्याच्यावर रोखून पुढे सरकलास तेव्हाच त्याने गोळी झाडली, बरोबर ना? साक्षीदाराने ‘बरोबर’ असे उत्तर दिले. खून करण्याच्या प्रयत्नाचा आरोप त्या एका उत्तरानंतर फारसा उरला नाही, असे माझे त्या रात्रीच मत झाले. ग्रॉसक्रॉइट्झने त्याच साक्षीत आपण जाणूनबुजून पिस्तूल रोखले नव्हते असेही सांगितले होते, हे मात्र नोंदवायला हवे.

१० नोव्हेंबरला रिटनहाउस स्वतः साक्षीला उभा राहिला. त्याच्या रडण्याची चित्रफीत जगभर फिरली. ते रडणे खरे होते की खोटे यावर लोक आठवडाभर भांडले. वकील म्हणून मला त्या दिवशीची दुसरी घटना अधिक महत्त्वाची वाटली. आरोपी अटकेनंतर गप्प राहिला आणि आता प्रथमच आपली हकीकत सांगतो आहे, असा रोख बिंगर यांनी प्रश्नात आणला. न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी ज्युरीला बाहेर पाठवले आणि बिंगर यांना कडक शब्दांत फटकारले. न्यायाधीश आरोपीच्या बाजूला झुकले आहेत याचा पुरावा म्हणून हा प्रसंग दाखवला गेला. वास्तविक गप्प राहण्याचा हक्क हा अमेरिकेत जुना प्रस्थापित हक्क आहे, आपल्याकडेही राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने तो दिला आहे, आणि आरोपीच्या मौनावरून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष सुचवणे ही कोणत्याही न्यायालयात गंभीर चूक ठरते. श्रोडर यांच्यावरील सगळीच टीका अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. गोळ्या लागलेल्यांचा उल्लेख ‘बळी’ म्हणून करण्यास त्यांनी सरकारी पक्षाला मनाई केली आणि दंगलखोर वा जाळपोळ करणारे म्हणून करण्यास, तसा पुरावा आल्यास, बचाव पक्षाला मुभा दिली; ही तफावत मला त्या वेळीही खटकली होती.

सरकारी पक्षाचा खरा आधार होता चिथावणीचा. रिटनहाउसने आधी दुसऱ्या कोणावर तरी बंदूक रोखली म्हणून रोझेनबॉम मागे लागला, हे सिद्ध झाले असते तर स्वसंरक्षणाचा हक्क बराच आकुंचित झाला असता, कारण चिथावणी देणाऱ्याने सुटकेचे इतर सर्व वाजवी मार्ग आधी वापरून पाहावेत असे तेथील कायदा सांगतो. यासाठीचा पुरावा म्हणजे ड्रोनने रात्री दुरून घेतलेले चित्रण, ज्यात आरोपी काही ठिपक्यांएवढा दिसतो. ते मोठे करून दाखवावे की नाही, मोठे करताना संगणक मधले ठिपके स्वतःहून भरतो का, यावर ज्युरीच्या अनुपस्थितीत बराच वाद झाला. पुढे असे निघाले की बचाव पक्षाला मिळालेली फाइल ३.६ मेगाबाइटची होती आणि सरकारी पक्षाकडची ११.२ मेगाबाइटची. बचाव पक्षाने यावरून खटलाच रद्द करण्याची मागणी केली. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागे. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या आशयावरून संगणकाने काढलेली तिची ओळखसंख्याही, द्यावे लागते. दोन पक्षांकडे एकच फाइल आहे की नाही हे त्या एका संख्येवरून लगेच कळते. केनोशाचा तो वाद पाहिल्यापासून मी या प्रमाणपत्राकडे केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहत नाही.

१५ नोव्हेंबरला, अंतिम युक्तिवादाच्या सकाळी, अल्पवयीनाने शस्त्र बाळगल्याचा आरोप रद्द झाला. तेथील तरतुदीतला अपवाद इतका विचित्र लिहिलेला आहे की सतरा वर्षांच्या मुलाला रायफल वा शॉटगनबाबत ती बंदी केवळ नळी आखूड असल्यासच लागू होते; त्यामुळे रायफलची नळी आखूड नाही हे सरकारी पक्षाने मान्य करताच तो आरोप टिकू शकला नाही. ज्यांना हा आरोप सर्वांत सोपा वाटत होता त्यांना हा धक्का होता. मलाही ती तरतूद वाईट पद्धतीने लिहिलेली वाटते, पण संदिग्ध दंडविधानाचा फायदा आरोपीलाच मिळतो.

ह्यूबरच्या मृत्यूबाबत मात्र मी आजही अस्वस्थ आहे. पहिल्या गोळीबारानंतर लोक ओरडत होते की या मुलाने कोणाला तरी मारले आहे. रस्त्यावर पडलेल्या रिटनहाउसच्या अंगावर ह्यूबर स्केटबोर्ड घेऊन धावला आणि त्याने रायफलला हात घातला. त्याच्या दृष्टीने तो एका बंदूकधाऱ्याला रोखत होता, आणि बंदूकधाऱ्याच्या दृष्टीने जमाव त्याच्या जिवावर उठला होता. दोघांचीही भीती त्या क्षणी खरी असू शकते. कायदा मात्र पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी तो क्षण पाहतो, कारण शिक्षा त्यालाच व्हायची असते. मेलेल्या माणसाची सद्भावना त्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. यात अन्याय आहे असे म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. एवढेच म्हणतो की फौजदारी न्यायालयाकडे त्याचे उत्तर नव्हते. ह्यूबरच्या वडिलांनी केलेला दिवाणी दावा पुढे चालवण्यास संघराज्य न्यायालयाने २०२३ मध्ये परवानगी दिली. दिवाणी दाव्यात वाजवी संशयाची कसोटी नसते, म्हणून तोच पुरावा तेथे वेगळ्या काट्यावर तोलला जातो.

१९ नोव्हेंबरला, चौथ्या दिवसाच्या विचारविनिमयानंतर, बारा जणांच्या ज्युरीने पाचही आरोपांतून त्याची निर्दोष मुक्तता केली. समोर आलेल्या पुराव्यावर आणि तेथील कायद्यावर हा निकाल योग्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. सतरा वर्षांच्या मुलाने त्या रात्री रायफल घेऊन तेथे जाणे योग्य होते, असे माझे मत मुळीच नाही. निकालाने तसे म्हटलेलेही नाही.

पाहायचे कसे, याबद्दल. सर्वप्रथम न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेल्या सूचना ऐका, जरी त्या खटल्याच्या शेवटी येत असल्या तरी; १५ नोव्हेंबरचे चित्रण त्यासाठी उपयोगी आहे. कोणत्या मुद्द्याचा भार कोणावर आहे हे कळल्याशिवाय साक्ष ऐकण्यात अर्थ नाही. त्यानंतर ४, ८ आणि १० नोव्हेंबरची कामकाजे पूर्ण पाहा. वेळ कमी असेल तर प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी वगळा, पण उलटतपासणी आणि त्यानंतर साक्षीदार आणणारा पक्ष पुन्हा घेतो ती फेरतपासणी वगळू नका. ज्युरी बाहेर असताना झालेले वाद वेगळे लक्षात ठेवा, कारण ते आपण ऐकलेले असतात आणि निकाल देणाऱ्यांनी ऐकलेले नसतात. उदाहरणार्थ, रोझेनबॉमची जुनी गुन्हेगारी पार्श्वभूमी बातम्यांत सर्वत्र होती, परंतु ती ज्युरीपुढे आणू दिली गेली नव्हती. आणि रोजच्या कामकाजानंतर, कोणाचेही विश्लेषण वाचण्यापूर्वी, त्या दिवशी सरकारी पक्षाचा कोणता मुद्दा पुढे सरकला आणि कोणता मागे गेला हे स्वतः दोन ओळींत लिहून ठेवा.