आधी कामाचे तास मोज

प्रिय मित्रा,

अनुभव वाढला की कारखान्यातल्या इजा कमी होतात का, हे पाहायला तू कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी सरळ रेषेत किती एकत्र बदलतात याचा आकडा, काढायला घेतलंस. जरा थांब. इजा म्हणजे 0, 1, 2 अशी मोजणी. बहुतेकांच्या नावापुढे शून्यच. त्यावर सरळ रेषा बसवलीस तर ती कुठेतरी शून्याखाली जाईल.

पण पद्धतीआधी भाजक बघ, म्हणजे इजांना कशाने भागायचं ते: कामाचे तास. समजा, प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून घडवणाऱ्या विभागात) तीन महिन्यांहून कमी अनुभव असलेल्यांनी मिळून 40,000 तास काम केलं आणि 8 इजा झाल्या. पाच वर्षांवरच्यांचे तास 2,00,000, इजा 10. नुसत्या आकड्यांवरून जुने कामगार बेफिकीर वाटतील. दर दहा लाख तासांमागे काढ: नवे 200, जुने 50. म्हणून ओव्हरटाइमसकट हजेरीपट मिळव, मगच पुढे जा.

अनुभव दर महिन्याला बदलतो. वर्षअखेरचा अनुभव पूर्ण वर्षाला लावलास, तर 1 जूनला लागलेल्या पोराची पहिल्या आठवड्यातली इजा सात महिने मुरलेल्या माणसाच्या खात्यात पडेल. प्रत्येक कामगाराची दर महिन्याला एक ओळ कर: त्या महिन्याचे तास, महिन्याच्या सुरुवातीचा अनुभव, इजा. अनुभवाचे रकानेही दोन ठेव, कंपनीतला आणि त्या मशीनवरचा. दहा वर्षं लेथवर काढलेला माणूस प्रेसवर पहिल्या दिवशी नवखाच असतो.

आता पॉयसन रिग्रेशन लाव, म्हणजे मोजणीच्या आकड्यांसाठीचं मॉडेल. त्यात तासांचा लॉग (लॉगॅरिदम) ऑफसेट म्हणून दे, म्हणजे मॉडेल नुसत्या इजा न बघता तासांमागचा दर बघेल. ऑफसेट द्यायचा राहिला तर वरची सगळी मेहनत वाया. पॉयसनमध्ये व्हेरिअन्स (आकड्यांच्या पसरटपणाचं माप) सरासरीइतकाच धरलेला असतो. म्हणून तो सरासरीपेक्षा बराच मोठा आहे का, ते तपास. ग्रीनवुड आणि यूल या संख्याशास्त्रज्ञांनी 1920 साली ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या कामावरच्या 647 स्त्रियांचे पाच आठवड्यांतले अपघात मांडले होते. सरासरी 0.465, व्हेरिअन्स 0.692. पॉयसनप्रमाणे अपघात न झालेल्या साधारण 406 निघायला हव्या होत्या, निघाल्या 447. धोका सगळ्यांना सारखा नसला की असं होतं. तिथे निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे जास्तीचा व्हेरिअन्स सामावून घेणारं मॉडेल, घे, नाहीतर तुझं उत्तर आहे त्याहून पक्कं दिसेल. एकाच कामगाराच्या अनेक ओळी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, तेही मॉडेलला सांगावं लागतं.

अनुभवाचा परिणाम सरळ रेषेत धरू नकोस. धोका सुरुवातीच्या महिन्यांत झपाट्याने उतरून पुढे सपाट होत असेल, तर ते स्प्लाइनमध्ये, म्हणजे आकड्यांप्रमाणे वळणाऱ्या रेषेत, दिसेल. वय, कामाची पाळी (शिफ्ट) आणि मशीन, हे तिन्ही मॉडेलमध्ये हवेतच, कारण नव्यांना बऱ्याचदा धोक्याचंच मशीन मिळतं.

दोन गोष्टी मात्र कुठलंच मॉडेल आपोआप सुधारत नाही. जखमी होऊन नोकरी सोडलेले जुन्यांच्या गटात पोचतच नाहीत, म्हणून सोडून गेलेल्यांचे महिनेही धर. आणि कंत्राटी कामगाराचं कापलेलं बोट कित्येकदा नोंदवहीत येतच नाही. त्यासाठी 48 तासांहून जास्त काम बुडालेल्या इजा वेगळ्या घेऊन हेच गणित पुन्हा कर. मोठी इजा लपवणं अवघड असतं.

हजेरीपट हाती आला की आधी वीस कामगारांच्या ओळी हाताने ताडून बघ आणि त्या मला पाठव.